खोल चावा, जबड्याची वाढ आणि उपचाराचे वय

शालेय आरोग्य तपासणीच्या वेळी मुलाची उंची, वजन, दृष्टी, श्रवणशक्ती यांची नोंद काळजीपूर्वक केली जाते. दातांच्या रकान्यात मात्र बहुधा ‘कीड आहे’ किंवा ‘कीड नाही’ एवढेच लिहिले जाते. कीड ही महत्त्वाची बाब आहेच. पण दात निरोगी असूनही ते एकमेकांवर नीट बसत नसतील, तर त्याचे परिणाम पुढे आयुष्यभर भोगावे लागतात. अशा दोषांपैकी एक दोष सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. वरचे पटाशीचे दात खालच्या दातांना जवळजवळ पूर्ण झाकून टाकतात आणि मुलाने तोंड मिटले की खालचे दात दिसेनासे होतात. दंतवैद्य या दोषाला ‘डीप बाइट’ म्हणतात. मराठीत त्याला खोल चावा म्हणता येईल.

पुढे आलेले किंवा वेडेवाकडे दात पालकांना चटकन दिसतात. खोल चावा असलेल्या मुलाचे वरचे दात अनेकदा सरळ ओळीत व नीटनेटके असतात, त्यामुळे शंका घेण्यास कारणच उरत नाही. हा दोष केवळ दातांचा नसून जबड्यांच्या वाढीशी त्याचा निकटचा संबंध आहे. वाढीला कालमर्यादा असते आणि म्हणूनच त्याच्या दुरुस्तीलाही वेळेचे बंधन आहे. मूल पाचवी ते आठवीच्या वर्गात असते तो हा काळ. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांनी हा विषय समजून घेणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

खोल चावा म्हणजे काय?

मागच्या दाढा एकमेकींवर टेकवून तोंड मिटले असता वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे येतात व त्यांचा थोडा भाग झाकतात. ही गोष्ट स्वाभाविक आहे. सर्वसाधारणपणे हे झाकण २ ते ३ मिलिमीटर, म्हणजे खालच्या दातांच्या दिसणाऱ्या उंचीच्या सुमारे एक-तृतीयांश असते. ते निम्म्याहून अधिक झाले की चावा खोल आहे असे समजण्यास हरकत नाही. काही मुलांत खालच्या दातांच्या कडा वरच्या दातांच्या मागे, थेट टाळूच्या नाजूक त्वचेवर टेकतात. ही स्थिती सर्वांत त्रासदायक होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वयाच्या ६ ते ८ वर्षांच्या दरम्यान कायमचे पटाशीचे दात येतात, तेव्हापासून साधारण १२ व्या वर्षापर्यंत चावा काहीसा खोल दिसणे नैसर्गिक असते. पुढे बाराव्या वर्षाच्या दाढा येतात, चेहऱ्याची उंची वाढते आणि हा खोलपणा थोडा कमी होतो. म्हणून आठ वर्षांच्या मुलाचा चावा किंचित खोल दिसला, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. लक्ष ठेवणे मात्र जरूर आहे.

जबडा वाढतो कसा?

वरचा जबडा कवटीच्या इतर हाडांशी सांध्यांनी जोडलेला असतो. या सांध्यांच्या ठिकाणी नवे हाड तयार होऊन आणि हाडाच्या पृष्ठभागावर भर पडून तो खाली व पुढे सरकतो. खालच्या जबड्याची रीत थोडी निराळी आहे. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडझाप केली असता जो भाग हलताना जाणवतो, तेथे जबड्याचे गोलसर टोक असते. त्यावर कूर्चेचा थर असतो व तेथे हाडाची वाढ होते. शिवाय जबड्याच्या उभ्या भागाच्या मागच्या कडेवर हाडाची भर पडते आणि पुढच्या कडेचे हाड झिजत जाते. या झिजेमुळेच दाढांना एकामागून एक जागा मिळते.

या वाढीचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. जबड्यांची रुंदी सर्वांत आधी पूर्ण होते, त्यानंतर लांबी आणि सर्वांत शेवटी उंची. मुलींमध्ये वाढीचा जोर साधारण १२ व्या वर्षाच्या आसपास, तर मुलांमध्ये सुमारे दोन वर्षांनी उशिरा, १४ व्या वर्षाच्या आसपास असतो. काही मुलांमुलींत हा काळ एखाद-दोन वर्षे मागेपुढे होतो. चेहऱ्याच्या उंचीची वाढ मंद गतीने मुलींत सतरा-अठरा वर्षांपर्यंत आणि मुलांत विशीच्या सुरुवातीपर्यंत चालू राहते. खोल चावा हा उंचीच्या दिशेचा दोष असल्यामुळे त्याच्या दुरुस्तीत या उशिरापर्यंत चालणाऱ्या वाढीची मोठी मदत होते.

कोपनहेगन येथील अभ्यास

जबडा वाढताना केवळ लांब-रुंद होत नाही, तर तो किंचित फिरतोही, ही गोष्ट डेन्मार्कमधील दंतवैज्ञानिक आर्ने ब्योर्क यांनी दाखवून दिली. डोक्याची क्ष-किरण छायाचित्रे ठरावीक अंतरावरून व ठरावीक स्थितीत घेण्याची पद्धत १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राट यांनी मांडली होती. त्या छायाचित्रांवरून वाढ मोजता येऊ लागली. पण एक अडचण होती. हाडाच्या पृष्ठभागावर एकीकडे भर व दुसरीकडे झीज अखंड चालू असल्याने दोन वर्षांची दोन छायाचित्रे नेमकी कशावर कशी जुळवावीत, हे कळत नसे.

ब्योर्क यांनी कोपनहेगन येथे मुलांच्या जबड्यांच्या हाडात धातूच्या अगदी बारीक खुणा बसवल्या आणि वर्षानुवर्षे त्यांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली. शेताच्या मोजणीत पक्क्या दगडाचे जे काम, ते या खुणांनी केले. त्या हलत नसल्यामुळे त्यांच्याभोवती हाड कसे बदलले ते स्पष्ट दिसू लागले. १९५५ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या या संशोधनाने जबड्याच्या वाढीविषयीच्या कल्पना बदलल्या. १९६९ मध्ये ब्योर्क यांनी जबडा कोणत्या दिशेने फिरेल हे ओळखण्यासाठी हाडाच्या ठेवणीतील सात लक्षणे सांगितली.

या अभ्यासाचा खोल चाव्याशी संबंध असा. चेहऱ्याच्या मागच्या भागाची, म्हणजे कानाकडील बाजूची उंची पुढच्या भागापेक्षा अधिक वाढली, तर खालचा जबडा पुढे व वर फिरतो. पुढचे दात एकमेकांना नीट टेकलेले असले, तर ते या फिरण्याला आधार देतात व चावा सुरक्षित राहतो. तो आधार नसेल, तर फिरण्याचा टेकू मागे उपदाढांकडे सरकतो आणि पुढचे दात एकमेकांवर अधिकाधिक चढत जातात. अशा मुलांचा चेहरा बहुधा आखूड व चौकोनी, हनुवटी ठळक आणि खालच्या ओठाखालची वळी खोल दिसते. याउलट जबडा मागे व खाली फिरला, तर चेहरा लांबट होतो आणि पुढच्या दातांमध्ये फट पडण्याकडे कल असतो.

इतर कारणे

प्रत्येक खोल चावा जबड्याच्या फिरण्यानेच होतो असे नाही. काही घराण्यांत वरचे मधले दोन दात आत झुकलेले असण्याची ठेवण पिढ्यान् पिढ्या आढळते आणि त्यासोबत चावाही खोल असतो. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या बसण्याचे जे वर्गीकरण केले, त्यात या ठेवणीला स्वतंत्र जागा आहे. दुसऱ्या काही मुलांत खालचा जबडा मागे राहिल्याने खालचे दात वरच्या दातांना टेकतच नाहीत. न टेकलेला दात वर येत राहतो, हा निसर्गाचा नियम आहे. त्याप्रमाणे खालचे पुढचे दात वर चढत जाऊन टाळूला भिडतात.

तिसरे कारण टाळण्याजोगे आहे. मागच्या दाढा या जबड्यांमधील खांब होत. दुधाच्या दाढा किडून अकाली काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात व खालचे पुढचे दात आत झुकतात, आणि त्यामुळे चावा खोल होतो. सहाव्या वर्षी येणाऱ्या कायमच्या पहिल्या दाढेची कथा तर अधिक खेदजनक आहे. ती दुधाचा कोणताही दात न पडता, सर्व दातांच्या मागे निमूटपणे येते. त्यामुळे पुष्कळ घरांत ती दुधाचीच समजली जाते. ती किडली तरी ‘पडेल आणि दुसरी येईल’ म्हणून दुर्लक्ष होते. ही दाढ पुन्हा येत नाही.

अंगठा चोखण्याच्या सवयीने चावा खोल होतो, असा एक समज आहे. त्या सवयीने बहुधा उलट परिणाम होतो. वरचे दात पुढे येतात व पुढच्या दातांत फट राहते.

दुर्लक्षाचे परिणाम

सौम्य खोल चावा असलेली पुष्कळ माणसे कोणत्याही तक्रारीशिवाय आयुष्य काढतात. तीव्र दोषाची गोष्ट वेगळी आहे. खालचे दात टाळूवर आदळत राहिल्याने वरच्या दातांमागची हिरडी सुजते, सोलवटते आणि दातांपासून सुटू लागते. आत झुकलेले वरचे दात खालच्या दातांची पुढची हिरडी खाली लोटतात. दातांच्या कडा एकमेकींवर घासून झिजतात. उतारवयात काही दात पडल्यावर कृत्रिम दात बसवायची वेळ येते, तेव्हा त्यांच्यासाठी उभी जागाच शिल्लक नसते. पंधराव्या वर्षी न जाणवलेला दोष चाळिशीनंतर अशा रीतीने वसूल होतो.

दुरुस्तीचे तत्त्व

खोल चावा कमी करण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. मागच्या दाढांना थोडे उंच होऊ द्यावयाचे किंवा पुढच्या दातांना हाडात थोडे मागे दाबावयाचे. काही रुग्णांत आत झुकलेले दात योग्य कलात आणूनही झाकण कमी होते.

पहिला मार्ग समजण्यासाठी अडकित्त्याचे उदाहरण घ्यावे. अडकित्त्याच्या बिजागरीजवळ सुपारीचा लहानसा तुकडा ठेवला, तरी दुसऱ्या टोकाला पाती बरीच फाकतात. जबड्याची बिजागरी कानाजवळ आहे. त्यामुळे दाढांची उंची एक मिलिमीटर वाढली, तर पुढच्या दातांचे झाकण सुमारे दोन मिलिमीटरने कमी होते. यासाठी मुलाच्या टाळूला बसेल अशी काढघाल करता येणारी प्लेट देतात. वरच्या दातांच्या मागे त्या प्लेटला एक सपाट ओटा असतो. खालचे पुढचे दात त्या ओट्यावर टेकतात व मागच्या दाढा दोन-तीन मिलिमीटर सुट्या राहतात. सुट्या राहिलेल्या दाढा काही महिन्यांत हळूहळू वर येऊन एकमेकींना भिडतात.

येथेच वाढीचे महत्त्व कळून येते. वाढत्या मुलात दाढा उंच होत असताना जबड्याचा उभा भागही लांब होत असतो, त्यामुळे नव्या उंचीला हाडाचा व स्नायूंचा आधार मिळतो. वाढ थांबलेल्या प्रौढात तसे होत नाही. चर्वणाचे बळकट स्नायू दाढांना पुन्हा खाली दाबतात आणि चावा बऱ्याच प्रमाणात पूर्ववत होतो. त्यामुळे प्रौढांत दुसऱ्या मार्गावर, म्हणजे पुढचे दात हाडात दाबण्यावर अधिक भर द्यावा लागतो. त्यासाठी दातांवर पक्के बसवलेले ब्रॅकेट व तारा लागतात. दर दाताला १० ते २० ग्रॅम इतकाच हलका जोर महिनोन् महिने द्यावा लागतो, कारण अधिक जोराने दाताचे मूळ झिजण्याचा धोका असतो. हाडांतील दोष फार मोठा असल्यास प्रौढांवर जबड्याची शस्त्रक्रिया करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

खालचा जबडा मागे असल्यास तो पुढे धरून ठेवणारी साधने वापरतात. अमेरिकेतील नॉर्मन किंग्ज्ले यांनी १८७९ च्या सुमारास अशी प्लेट वर्णिली होती. स्कॉटलंडमधील विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये तयार केलेले ‘ट्विन ब्लॉक’ हे साधन आज अनेक देशांत, तसेच भारतातही वापरले जाते.

घाई नको, दिरंगाईही नको

वाढत्या वयात उपचार चांगला, तर मग सातव्या-आठव्या वर्षीच का सुरू करू नये, असा प्रश्न सहज उद्भवतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना व फ्लोरिडा येथील विद्यापीठांत आणि ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापासून यावर चाचण्या झाल्या. वरचे दात पुढे व खालचा जबडा मागे असलेल्या मुलांचे सोडतीने गट पाडून, काहींवर लवकर व काहींवर किशोरवयात उपचार करण्यात आले. लवकर उपचार झालेल्या मुलांच्या जबड्याची वाढ आरंभी अधिक दिसली. परंतु किशोरवयाच्या अखेरीस दोन्ही गटांतील मुलांचे जबडे व दात जवळजवळ सारखेच आढळले. लवकर सुरुवात केलेल्यांना उपचार मात्र अधिक काळ घ्यावा लागला. पुढे आलेले दात पडझडीत मोडण्याचे प्रमाण कमी झाले, एवढा फायदा दिसून आला.

यावरून निघणारा बोध सरळ आहे. कोणतेही साधन जबड्याची मूळ जनुकीय ठेवण फारशी बदलू शकत नाही. चालू वाढीचा उपयोग करून घेणे तेवढे त्याच्या हाती असते. म्हणून बहुतेक मुलांत वाढीचा जोर सुरू होण्याचा सुमार हा उपचाराचा योग्य काळ ठरतो. टाळूला जखम होत असेल किंवा दात मोडण्याचा धोका असेल, तर त्याआधीही उपचार करावे लागतात.

मुलींच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. त्यांची वाढ दोन वर्षे आधी होते. पुष्कळ घरांत मुलीच्या दातांचा विचार तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर होतो. त्या वेळी वाढीचे साहाय्य संपलेले असते, उपचार लांबतो आणि खर्चही वाढतो. तोच विचार मुलगी पाचवी-सहावीत असताना झाला, तर काम पुष्कळ सोपे होते.

शाळेत काय पाहावे?

यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. मुलाने उजेडात बसावे, आवंढा गिळावा व मागच्या दाढा एकमेकींवर टेकवाव्यात. नंतर त्याने स्वतःच्याच बोटांनी ओठ बाजूला करावेत. शिक्षकांनी तोंडात हात घालण्याची गरज नाही. खालच्या दातांचा दोन-तृतीयांश भाग दिसत असेल, तर चिंता नाही. निम्म्याहून कमी भाग दिसत असेल, तर नाव टिपून ठेवावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. खालचे दात मुळीच दिसत नसतील किंवा खालचे दात टाळूला लागतात असे मूल सांगत असेल, तर दंतवैद्याकडे पाठवावे. हे पाहताना मुलाची वर्गात चेष्टा होणार नाही, याची काळजी घ्यावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. या कार्यक्रमानुसार फिरती आरोग्य पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देतात आणि दातांची तपासणीही करतात. एका दिवसात अनेक मुले पाहावयाची असल्याने पथकाचा वेळ मर्यादित असतो. शिक्षकांनी अशा मुलांची नावे आधीच तयार ठेवली, तर पथकाचे काम सुकर होते. गंभीर दोष असलेल्या मुलास जिल्हा रुग्णालयातील दंतविभागाकडे व आवश्यकतेनुसार दंत महाविद्यालयाकडे पाठवता येते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालयही आहे.

पालकांना पूर्वकल्पना द्यावी

उपचार अर्ध्यावर सोडला जाण्याचे मुख्य कारण म्हणजे पूर्वकल्पनेचा अभाव. तारांचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो व दर चार ते सहा आठवड्यांनी दवाखान्यात जावे लागते. प्लेट दिली असेल, तर ती सांगितल्याप्रमाणे नियमाने घालावी लागते. खिशात किंवा दप्तरात ठेवलेली प्लेट काहीही काम करीत नाही. तारा असताना ऊस, चिक्की, भाजलेले हरभरे असे कडक व चिकट पदार्थ टाळावे लागतात. प्रत्येक जेवणानंतर दात घासावे लागतात, अन्यथा ब्रॅकेटभोवती कीड लागते. तारा काढल्यानंतरही दात जागेवर टिकवून धरणारे साधन दीर्घकाळ वापरावे लागते. खोल चावा पुन्हा खोल होण्याकडे झुकतो, त्यामुळे हा शेवटचा टप्पा वगळून चालत नाही.

खेड्यातील कुटुंबाला जिल्ह्याच्या ठिकाणी वारंवार जाणे म्हणजे रोजगार बुडवणे होय. उपचारासाठी गैरहजर राहणाऱ्या मुलाला शाळेने सवलत द्यावी. एकाच गावातील दोन-तीन मुलांना रुग्णालयाकडून एकाच दिवसाची वेळ मिळवून द्यावी व त्यांच्यासोबत एखाद्या जाणत्या व्यक्तीला पाठवावे. या गोष्टी शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत यांच्या आवाक्यातील आहेत. त्यासाठी निधीपेक्षा लक्ष अधिक लागते.

खोल चाव्याचा उपचार करणे हे विशेषज्ञांचे काम आहे. तो वेळेवर ओळखणे हे मात्र रोज मुलांच्या सहवासात असणाऱ्यांनाच शक्य आहे. मूल हसते, पाठ म्हणून दाखवते, डबा खाते ते शिक्षकांच्या नजरेसमोर. जबड्याची वाढ कोणासाठी थांबत नाही आणि एकदा थांबली की पुन्हा सुरूही होत नाही. वार्षिक तपासणीच्या वहीत ‘कीड’ या शब्दाशेजारी ‘चावा’ हा आणखी एक रकाना आखला, तर या अल्पकाळाचा लाभ अनेक मुलांना मिळू शकेल.